अपुऱ्या पत्त्याचा फोल्डर

३ मार्च, सोमवार

मोठं काम हाती घेतलं की त्याची नोंद ठेवावी, असं आमचे पहिले पोस्टमास्तर सांगत. नोकरीत जमलं नाही, आता सवड आहे. म्हणून ही वही.

सकाळी अंधांच्या वाचनालयातून ग्रंथपाल बाईंचा फोन आला. हिने त्यांच्यासाठी वाचून रेकॉर्ड केलेली सगळी पुस्तकं त्यांना एकत्र, नीट लावून हवी आहेत. ही म्हणजे माझी बायको. वहीत तिचं नाव लिहायची मला गरज वाटत नाही. या घरात ‘ही’ म्हटलं की दुसरं कोण असणार?

बाई म्हणाल्या, “काका, काकूंच्या आवाजातली पुस्तकं कायमच्या संग्रहात घ्यायची ठरलंय. महिनाअखेरपर्यंत द्याल का? एका पुस्तकाचा एक फोल्डर, प्रकरणं क्रमाने, आणि फक्त शुद्ध वाचन. आमच्या वाचकांना चुकलेलं प्रकरण डोळ्यांनी शोधता येत नाही हो.”

मी म्हटलं, “बाई, निर्धास्त राहा. उभा जन्म मी टपालाची वर्गवारी केली आहे.”

उगीच बढाई नाही. ज्या अक्षराला डॉक्टरसुद्धा हात टेकतील तो पत्ता मी चालता चालता वाचत असे. चार फोल्डर लावणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

मात्र एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये हिचं स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता ही पांढऱ्या पाटीवर लिहून बोलते, आणि मला हाक मारायची झाली की दोन टाळ्या वाजवते. कॉम्प्युटरमध्ये जे आहे तेवढंच. यापुढे एक वाक्यही नव्याने मिळायचं नाही. एखादी फाइल जरी हातून गेली तरी ती गेलीच. म्हणून हे काम मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही.


४ मार्च, मंगळवार

डाव्या हातचा मळ नाही.

हिने प्रकरणांना आकडे दिलेलेच नाहीत. शिक्षिकेची सवय, सगळं अक्षरी: पहिले, दुसरे, तिसरे. कॉम्प्युटर बापडा बाराखडीने लावतो. त्यामुळे कादंबरी सुरू होते ‘आठवे’पासून, मग ‘चौथे’, मग ‘तिसरे’, मग थेट ‘दहावे’. पहिलं प्रकरण सातव्या जागी. म्हणजे म्हातारा आधी मरतो, मग त्याचं लग्न ठरतं, आणि जन्माला येतो तो सगळ्यांचं जेवण उरकल्यावर.

कॉम्प्युटरबरोबर आलेली फायली बघायची खिडकी एकच. इथून उचलायचं, दुसरी खिडकी उघडायची, ती पहिलीवर पालथी पडते, पहिली शोधायची, तोवर काय उचललं होतं ते विसरायचं. नावं बदलायची तर एकेक. दुपारपर्यंत एका पुस्तकाची आठ प्रकरणं झाली आणि त्यातली दोन भलत्याच पुस्तकात सापडली.

लेकीला फोन लावला. ती लांब असते, पण कॉम्प्युटरच्या धंद्यातली आहे. म्हणाली, “बाबा, त्या खिडकीवर का अडून बसलाय? फायली हाताळायचे दुसरे प्रोग्राम मिळतात. मी चार-पाच पाठवते, वापरून बघा. पण आधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. काढाल ना?”

“मला शिकवतेस?” म्हटलं.

पुस्तकांची प्रत काढली. पुस्तकांचे फोल्डर तेवढे घेतले, बाकी फुटकळ गोष्टी कशाला?


७ मार्च, शुक्रवार

पहिला प्रोग्राम पाहिला. त्याचं नाव मी ‘झाड’ ठेवलं आहे. डावीकडे फांद्याच फांद्या. एक फांदी उघडली की तिला सात, त्या सातांना आणखी. दिसायला देखणा, रंगही छान, प्रत्येक फोल्डरला हवा तो रंग देता येतो. मी दीड तास रंग देण्यात घालवला. हिने येऊन पाहिलं, पाटीवर लिहिलं: “रांगोळी छान. पुस्तकं?”

नावं एकगठ्ठा बदलायची सोय झाडात नाही. झाड उपटलं.

दुसरा ‘काळोबा’. काळी पाटी, पांढरी अक्षरं, उंदीर म्हणजे माउस चालत नाही, सगळं कळांनी. लेक म्हणते जाणकार लोक हाच वापरतात. मी स्वतःला जाणकारच समजतो, पण काळोबाने मला विचारलंही नाही आणि एक फोल्डर दुसऱ्यात गिळला. नशीब, सरावासाठी मी विजेच्या बिलांचा फोल्डर घेतला होता. बिलं गेल्याचं दुःख कुणाला नाही.


१२ मार्च, बुधवार

सापडला!

याला मी ‘दोनखणी’ म्हणतो. पडद्याचे दोन खण, शेजारी शेजारी. डावीकडे आलेलं, उजवीकडे जायचं. डावीकडून उचला, उजवीकडे टाका. दोन्ही कायम डोळ्यांसमोर. म्हणजे आमचं वर्गवारीचं टेबलच! डाव्या हाताला थैली, समोर कप्पे. ज्याने हा बनवला त्याचा बाप नाहीतर आजा नक्की टपालात असणार.

शिवाय नावं एकगठ्ठा बदलतो, आणि बदलण्याआधी जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी मांडून दाखवतो. दोन खणांत फरक काय तेही सांगतो. आणि मराठी बोलतो. ‘प्रत करा’, ‘हलवा’, ‘हटवा’. आढेवेढे नाहीत.

लेक म्हणाली, “बाबा, हा तर फार जुन्या वळणाचा आहे.”

मी म्हटलं, “मी कुठल्या वळणाचा आहे?”

ती हसली. पूर्वी अशा वेळी मागून हिचंही हसणं ऐकू यायचं. ही आज हसली, खांदे हलले, पण घर गप्पच होतं. मी फोन लवकर ठेवला.


१५ मार्च, शनिवार

आजचा दिवस माझा! ‘पहिले’चं ‘०१ पहिले’, ‘दुसरे’चं ‘०२ दुसरे’. हिचा शब्दही राहिला आणि क्रमही लागला. एक नियम लिहिला, कळ दाबली, आणि अख्खी कादंबरी शाळेतल्या पोरांसारखी ओळीत उभी. म्हातारा आता जन्मतो, लग्न करतो आणि वेळेवर मरतो.

हिला हात धरून दाखवायला आणलं. हिने पडदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, पाठीवर थाप मारली. नोकरीत एवढी वर्षं काढली, एक प्रशस्तिपत्र मिळालं होतं, तेही भिजलं. ही थाप बरी.

प्रत्येक प्रकरणाची सुरुवात कानाने ऐकून खात्री करतो आहे. काय वाचायची ही! अडगळीची खोली, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, दाराला कांबळं, आत एक खुर्ची, एक दिवा आणि मायक्रोफोन. त्यात बसून हिने राजवाडे उभे केले, जहाजं बुडवली. शब्द कुठे अडखळत नाही, श्वास कुठे ऐकू येत नाही. मी नवरा म्हणून बोलत नाही. टपालवाला दुसऱ्याच्या कामाला सहसा चांगलं म्हणत नाही.

त्या शांततेत माझाही वाटा आहे, तोही लिहून ठेवतो. ही आत बसली की मी घरात मांजराच्या पावलांनी वावरायचो. माझ्यामुळे हिचं एकही वाचन कधी बिघडलेलं नाही.

एकच सांगायचं तर ऐकून मन भरत नाही. आवाज हिचाच, पण तो सगळ्यांशी बोलतो. खोलीभर लोक बसलेत आणि आपण मागच्या रांगेत, असं वाटतं. हे कुणाला बोलून दाखवण्यासारखं नाही. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला एवढं मिळालं तरी हवंच.


१९ मार्च, बुधवार

पुस्तकं लागली. हत्ती गेला, शेपूट राहिलं. शेपूट असं.

पुस्तकांच्या बाहेर, एका कोपऱ्यात, एक भलाथोरला फोल्डर निघाला. नाव काय, तर ‘हे’. बस. हे! हे काय? हे कुणाचं? हे कशाबद्दल? आत फायली ढिगाने, त्यांना नावं म्हणून नुसत्या तारखा.

बायकोवर टीका करायची नाही, पण हे नाव म्हणायचं का? टपालात याला ‘अपुरा पत्ता’ म्हणतात. मी त्या कप्प्याचा राजा होतो. एकदा ‘मामास, विहिरीजवळ’ एवढ्याच पत्त्याचं पत्र आलं होतं. सगळे म्हणाले परत पाठवा. मी शिक्का बघितला, अक्षर बघितलं, सुटीच्या दिवशी चालत तीन विहिरी फिरलो आणि तिसऱ्या विहिरीजवळचा मामा शोधला. पत्र हातात घेऊन मामा रडायलाच लागला. अपुऱ्या पत्त्याचं एकही पत्र मी हार मानून परत पाठवलेलं नाही, हे माझं नाव झालं होतं खात्यात.

पण तिथे निदान मामा तरी होता. इथे नुसतं ‘हे’. नाव पूर्ण हवं. वाचणाऱ्याला कळेल असं हवं. एका अक्षरात काय कळणार?

एक फाइल उघडून थोडी ऐकली. जहाज बुडायचा प्रसंग. हाच प्रसंग पुस्तकात शुद्ध लागलेला आहे. दुसरी उघडली, तेच. म्हणजे दुबार, बिघडलेली, टाकाऊ वाचनं. बाईंना फक्त शुद्ध हवं आहे. शिवाय डिस्कवर जागा उरत नाही, संग्रहाची दुसरी प्रत काढायची तर हा फोल्डर हटवावाच लागेल.

दोनखणीत एक चांगली सोय आहे. कचरापेटीत न टाकता थेट हटवता येतं, लगेच जागा मोकळी होते. ती चालू करून ठेवली.


२२ मार्च, शनिवार

आज जेवताना हिला सांगितलं, “पुस्तकं झाली. आता तेवढी साफसफाई उरली. उद्या तो ‘हे’ नावाचा फोल्डर उडवतो की गंगेत घोडं न्हालं.”

हिचा घास हातातच राहिला. पाटी ओढली आणि लिहिलं: “हे राहू दे.”

मला भरून आलं. मी थकतो आहे, डोळे चुरचुरतात, हे हिच्या नजरेतून सुटत नाही. स्वतः एवढं सोसून काळजी माझी. म्हटलं, “अगं, राहू कसं देऊ? एवढंसं काम आहे. मला काही होत नाही.”

हिने मान हलवली, ‘हे’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आणि पाटी माझ्या ताटाशेजारी उभी केली. हट्टी आहे. मीही काही कमी नाही. काम अर्धं टाकून उठणाऱ्यातला मी नव्हे.


२३ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी आन्हिक उरकून बसलो. डाव्या खणात ‘हे’ उभा केला. कळ दाबली. दोनखणीने मध्येच चौकट आणली: “‘हे’ कायमचे हटवायचे?” खाली ‘हो’ आणि ‘नाही’.

तेवढ्यात आतून दोन टाळ्या. मी म्हटलं, “आलो, एक मिनिट!” पुन्हा दोन टाळ्या, जोरात. मी म्हटलं, “अगं, हे हटवतो आणि येतो!”

मग टाळ्या नाहीत, पावलं ऐकू आली. ही धावत आली. ऑपरेशननंतर धावायची मनाई आहे. आली आणि माझ्या आणि कळांच्या मध्ये हात घातला. आडवाच, कोपरापर्यंत. गळ्यातला श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी घाबरलो, खुर्ची दिली. ही बसली, पण कळांवरचा हात उचलेना. डाव्या हाताने उंदीर घेतला आणि ‘नाही’ दाबलं.

मग माझी बाही चिमटीत धरून मला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि ‘हे’ उघडला.

पहिली फाइल. जहाज बुडतं आहे. वादळ, डोलकाठी मोडते, कप्तान दोर धरतो, आणि दार कुरकुरतं. एक पुरुषी आवाज, चांगला खणखणीत: “अगं, माझा चष्मा कुठाय?”

आणि मग हिचा आवाज. वाचनातला नव्हे. स्वयंपाकघरातला, अंगणातला, माझ्याशी बोलायचा.

“अहो! डोक्यावर!”

आणि ती हसली. कप्तान दोर धरून तसाच लोंबकळतोय आणि ही हसते आहे, थांबायचं नाव नाही. तो पुरुषी आवाजही हसतो आहे. दार लागतं. दारापलीकडूनही हसू येतं. मग खळकन काहीतरी फुटतं, आणि ही म्हणते, “अहो, काय पाडलंत?”

मी स्टुलावर बसून राहिलो. ऑपरेशनच्या सकाळपासून ‘अहो’ कानावर पडलं नव्हतं. मला रडू आलं. लपवत नाही.

हिने दुसरी लावली, तिसरी लावली. एकीत मी शिंकतो, अशी की मायक्रोफोन दणाणतो. एकीत नळाखाली गातो. एकीत दार उघडून विचारतो, “रडतेस का गं?” आणि ही म्हणते, “अहो, मी नाही हो, ती राणी रडतेय!” म्हणजे माझी मांजराची पावलं ही अशी. प्रत्येक फाइलमध्ये वाचनाची दोन पानं, मग मी, मग ‘अहो’. त्या दिवशी मी दोन पानंच ऐकून बंद केली होती.

मग एक फाइल. सुरुवातीला शांतता. दाराबाहेर घोरणं, संथ, एका लयीत. ही मायक्रोफोनजवळ येऊन अगदी हळू, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणते, “हे झोपले वाटतं. झोपू देत. आज हळू वाचते.”

हे झोपले.

मी पडद्याकडे पाहिलं. वर फोल्डरचं नाव. मग हिच्याकडे पाहिलं. हिने पाटी घेतली आणि लिहिलं: “पुस्तकं सगळ्यांची. हे माझे.”

‘मामास, विहिरीजवळ’ शोधायला मी तीन विहिरी फिरलो. हा पत्ता माझा होता आणि मी तो अपुरा म्हणून परत पाठवायला निघालो होतो. आणि स्वतः याच वहीत पहिल्या दिवसापासून ‘ही’ ‘ही’ लिहितो आहे.


२४ मार्च, सोमवार

लेकीला सगळं सांगितलं. आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “बाबा, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आई पाटीवर लिहून देत होती ना, हे राहू दे?”

“मला वाटलं काम राहू दे म्हणतेय.”

“रेघा मारल्या होत्या तिने खाली!”

“मला वाटलं जोर देतेय.”

ती हसत सुटली. हसण्याची लकब आईची आहे. हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

दोनखणीची ती थेट हटवायची सोय बंद केली. प्रोग्राम मात्र बदलणार नाही. चूक त्याची नव्हती, त्याने बिचाऱ्याने विचारलं होतं. आणि त्याने विचारलं म्हणून तर हिला पोचायला वेळ मिळाला. नवी मोठी डिस्क आणली. ‘हे’च्या तीन प्रती काढल्या. दोन खण शेजारी लावून ताडून पाहिल्या, फरक शून्य.


३१ मार्च, सोमवार

संग्रह आज वाचनालयात पोचता केला. दोघंही गेलो. बाईंनी तिथेच लावून पाहिला. एक तरुण वाचक बसला होता, जन्मापासून अंध. त्याने कानाला लावलं, बोटाने प्रकरणं पुढे पुढे सरकवली, पहिले, दुसरे, तिसरे, आणि म्हणाला, “वा! कुणी लावलंय हे? सुतासारखं सरळ आहे.”

बाईंनी माझ्याकडे बोट केलं, मग त्याला दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाल्या, “काकांनी.” माझी छाती शर्टात मावेना. मग तो म्हणाला, “आणि वाचलंय कुणी? लहानपणापासून या आवाजाबरोबर वाढलो मी.” हिने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. त्याने तो सोडला नाही. तेव्हा माझी छाती आणखी फुगली, आणि या वेळी माझ्यासाठी नाही.

निघताना बाई म्हणाल्या, “काका, काकूंचं अजून काही असेल, तुकडे, अर्धवट, काहीही, तरी द्या हं. सगळं जपून ठेवू.”

मी हिच्याकडे पाहिलं. ही छताकडे बघत होती.

“आहे थोडं,” मी म्हटलं. “पण ते खाजगी टपाल आहे. पोचलं ज्याचं त्याला.”

आता संध्याकाळ. वही घेऊन अडगळीच्या खोलीत बसलो आहे. भिंतींच्या गोधड्या हिने काढू दिल्या नाहीत. मघाशी ‘हे’मधल्या दोन फायली ऐकल्या. पुरवून पुरवून ऐकतो आहे.

स्वयंपाकघरातून दोन टाळ्या आल्या. एक हलकी, एक जोरदार. वर्षभर ऐकतो आहे आणि मला वाटायचं, दोनच का?

अ. हो.

आलो गं.